हाय पॉवर एलईडी आणि कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर : सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

गणपती तोंडावर आले की मला तेच तेच प्रश्न यायला लागतात, मखराला एक वॅटचे एलईडी लावले पण दोन दिवसात उडाले, बाईकचा फॉग लाईट हात लावू देत नाही इतका तापतो, घरात बारा व्होल्टचा अडॅप्टर पडलाय तो चालेल का. प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतोय. इथे फक्त हाय पॉवर एलईडीचं आहे, म्हणजे एक वॅट, तीन वॅट, सीओबी (एकाच प्लेटवर बरेच एलईडी बसवलेली चिप) वगैरे. स्विचबोर्डावरचा बारका इंडिकेटर वेगळा, त्याला एक रेझिस्टर लावला की विषय संपला.

ड्रायव्हर म्हणजे अडॅप्टरच ना? नाव वेगळं एवढंच?

नाही हो. अडॅप्टर व्होल्टेज धरून बसतो, १२ म्हणजे १२, करंट किती ओढायचा ते लोडने बघावं. ड्रायव्हरचं बरोबर उलटं असतं, तो करंट धरून बसतो, ३५० मिलिअँप म्हणजे ३५०, मग त्यासाठी समोर ९ व्होल्ट लागोत नाहीतर ११, तो स्वतः व्होल्टेज वरखाली करून घेतो.

शेतीवाल्यांना पटकन कळेल असं सांगतो. ठिबकमध्ये प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रीपर असतो बघा, ताशी ४ लिटरचा. लाईनच्या सुरुवातीला प्रेशर जास्त, शेवटी कमी, रान चढउताराचं, तरी प्रत्येक झाडाला ४ लिटरच मिळतं. ड्रायव्हर म्हणजे तसला ड्रीपर. आणि साधा अडॅप्टर लावणं म्हणजे पाईपला नुसतं भोक पाडणं, प्रेशर वाढलं की झाड वाहून गेलं.

बरेच वायरमन एलईडी पॅनलच्या ड्रायव्हरला अजून 'चोक' म्हणतात, लोक त्यांना हसतात पण मला तो शब्द चुकीचा वाटत नाही. जुन्या ट्यूबलाईटचा चोक पण करंटच आवरून धरायचा, तो काढून ट्यूब थेट लाईनला लावली असती तर फुटलीच असती.

पण डेटाशीटमध्ये ३.२ व्होल्ट लिहिलंय, मी बरोबर ३.२ दिले तर करंट आपोआप बरोबर येणार ना?

कागदावर येईल. एलईडीचा करंट व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, एका जागेनंतर एकदम उभा चढतो. समजा ३.२ ला ३५० मिलिअँप जातोय, तर ३.४ ला तो दीडपट ते दुप्पट होऊ शकतो, म्हणजे ०.२ व्होल्टने सगळा खेळ बदलला. शिवाय ते ३.२ हे सरासरी आहे, एकाच पाकिटातला एक एलईडी ३.० चा निघेल, दुसरा ३.३ चा.

त्यात अजून एक भानगड आहे. एलईडी तापला की त्याचं फॉरवर्ड व्होल्टेज (पेटायला त्याला लागणारं व्होल्टेज) खाली येतं, दर डिग्रीला साधारण २ ते ४ मिलिव्होल्ट. ६० डिग्रीने तापला तर ०.१८ व्होल्ट धरा. आता तुम्ही व्होल्टेज ३.२ वरच घट्ट धरलंय आणि एलईडीला तर ३.०२ पुरे झालेत, मग तो जास्त करंट ओढणार, त्याने अजून तापणार, अजून ओढणार, आणि हे चक्र तो जळेपर्यंत थांबत नाही. व्होल्टेज एलईडीवर सोडा, आपण फक्त करंट मोजून द्यायचा.

(पांढऱ्याला ३ च्या वर आणि लालला २ च्या आसपास व्होल्ट का, असं पण विचारतात. पांढरा एलईडी आतून निळा असतो, वर पिवळट फॉस्फरचा थर असतो, म्हणून व्होल्टेज निळ्याचं. तो निळा जमवायलाच इतकी वर्षं गेली की अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल त्याच्यासाठी मिळालं.)

रेझिस्टरने काम भागत नाही का? स्वस्तात होतं

भागतं, जर सप्लाय हलत नसेल आणि व्होल्टेज बऱ्यापैकी वाया घालवायची तयारी असेल तर. गाडीचंच गणित करून बघू. १२ व्होल्ट, तीन पांढरे एलईडी सिरीजमध्ये म्हणजे ९.६, उरले २.४, ३५० मिलिअँपसाठी ६.८ ओहम. छान. आता गाडी चालू केली, चार्जिंग १४.४ वर गेलं, रेझिस्टरवर आले ४.८ व्होल्ट, करंट गेला ७०० च्या घरात. एलईडीचं स्वतःचं व्होल्टेज पण थोडं वाढतं त्यामुळे प्रत्यक्षात ६०० च्या पुढेमागे थांबेल, पण एक वॅटच्या एलईडीला ते पण अतीच. उलट बॅटरी उतरून ११ वर आली की २०० मिलिअँप, म्हणजे उजेड कमी झाला. गाडीत रेझिस्टर नको.

मी चार एलईडी पॅरललमध्ये लावले होते, एकामागून एक गेले. एलईडी डुप्लिकेट होते का?

असतीलही, पण मी स्वतः हा गाढवपणा केलाय म्हणून सांगतो. मखराच्या मागे प्रभावळीला उजेड हवा होता, चार एक वॅटचे एलईडी पॅरलल जोडले आणि एलएम २५९६ चं ते निळ्या स्क्रूवालं व्होल्टेज कमी करून देणारं मॉड्यूल ३.२ व्होल्टवर सेट करून दिलं. पहिले दोन दिवस एकदम झकास, सगळे विचारतायत कुठून आणलं. तिसऱ्या दिवशी आरतीच्या मध्येच एक एलईडी निळसर झाला, मग बारीक जळका वास, मग बंद, आणि घरातले सगळे धूप जास्त झालाय म्हणून खिडकी उघडायला धावले. रात्रीपर्यंत बाकीचे दोन गेले, चौथा का वाचला देव जाणे.

झालं असं की चारातल्या ज्याचं व्होल्टेज सगळ्यात कमी होतं त्याने सगळ्यात जास्त करंट ओढला, तो तापला, व्होल्टेज अजून कमी झालं, त्याने अजून ओढला. आणि कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर असता तरी पॅरललमध्ये तो वाचवायला कमीच पडला असता, कारण ड्रायव्हर एकूण करंट धरतो, वाटणी कशी होतेय ते त्याला दिसत नाही. चार जणांचे १४०० मिलिअँप चालू असताना एकाचं सोल्डर सुटलं तर तेच १४०० उरलेल्या तिघांच्या डोक्यावर.

म्हणून सिरीज. सिरीजमध्ये करंट सगळ्यांतून एकच जातो, वाटणीचा प्रश्नच नाही. फारच एलईडी असतील तर प्रत्येक सिरीज लाईनला वेगळा ड्रायव्हर.

मग १०० वॅटच्या चिपमध्ये आत पॅरलल असतंच की!

असतं. साधारण १० सिरीज आणि १० पॅरलल, म्हणून ती ३२ व्होल्टच्या आसपास ३ अँपियर घेते. पण तिथले सगळे तुकडे एकाच मालातले, एकाच धातूच्या पट्टीवर चिकटलेले, त्यामुळे तापमान जवळपास सारखं आणि व्होल्टेजही जुळणारं. स्वस्त चिपमध्ये ही जुळवाजुळव नीट केलेली नसते. मंद करंटवर लावून गॉगल घालून बघा, काही ठिपके जास्त पेटलेले दिसतील, काही कमी. तसली चिप पूर्ण ३ अँपियरवर चालवू नका.

ड्रायव्हरवर ८-१२ x १ वॅट, ३०० एमए असं काहीतरी लिहिलंय. म्हणजे?

म्हणजे करंट ३०० मिलिअँप, आणि सिरीजमध्ये एक वॅटचे कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त १२ एलईडी लावायचे. व्होल्टेजच्या भाषेत साधारण २४ ते ४०. पाचच लावले तर तो रेंजच्या खाली जातो आणि बहुतेक वेळा लुकलुकत बसतो, चौदा लावले तर त्याला पुरेसं व्होल्टेज काढता येत नाही मग एकतर पेटत नाही किंवा फुरफुरतो. लोक फक्त वॅट बघून घेतात, तसं नका करू. आधी करंट बघा, मग व्होल्टेजची रेंज, वॅट आपोआप जुळतं.

एलएम ३१७ ने ड्रायव्हर बनवता येतो असं कॉलेजमध्ये शिकवलं होतं

येतो, हा तीन पायांचा रेग्युलेटर आयसी शिकायला सगळ्यात बेस्ट. आऊट आणि अ‍ॅडजस्ट पिनच्या मध्ये एक रेझिस्टर, करंट = १.२५ भागिले रेझिस्टर. ३.६ ओहम लावला की ३४७ मिलिअँप. रेझिस्टर एक वॅटचा घ्या, त्याच्यावर ०.४३ वॅट जळतात, पाव वॅटवाला काळा पडेल.

अडचण अशी की याला वरचं व्होल्टेज बरंच लागतं. १.२५ रेझिस्टर खातो आणि दोनेक व्होल्ट आयसी स्वतः, म्हणजे एलईडीच्या वर सव्वातीन तरी हवेत. १२ व्होल्टवर तीन एलईडी लावले तर उरतात २.४, म्हणजे रेग्युलेशन होतच नाही, आणि दोन लावले तर ४.२ वॅट घेऊन एलईडीला सव्वादोनच पोचतात. बाकीची उष्णता.

मग गाडीसाठी, सोलर बॅटरीसाठी काय वापरू?

स्विचिंगवाला (झपाट्याने चालू-बंद होत काम करणारा), बक टाईप, म्हणजे व्होल्टेज कमी करून देणारा. स्वस्तात पीटी ४११५, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत हा आयसी किंवा तयार मॉड्यूल मागा. ६ ते ३० व्होल्ट इनपुट, सव्वा अँपियरच्या आतबाहेर करंट, आणि नीट बनवला तर ९० टक्क्यांच्या वर एफिशियन्सी. सूत्र सोपं, करंट = ०.१ भागिले सेन्स रेझिस्टर (ज्याच्यावरून आयसी करंट मोजतो तो). ०.३ ओहमला ३३३ मिलिअँप. ०.३ मिळत नसेल तर एक ओहमचे तीन पॅरलल करा, ३०० येतो, माझ्या टेबलावरचे निम्मे ड्रायव्हर असेच आहेत. इंडक्टर ३०० ते ३५० साठी ६८ मायक्रोहेन्री किंवा वरचा, पण तो सॅच्युरेट न होणारा घ्या, रेझिस्टरसारखा दिसणारा बारका हिरवा नको. डायोड शॉटकीच, १एन ५८१९ चालेल. १एन ४००७ लावून 'आयसी गरम होतो' म्हणून फोन करणारे बरेच असतात. तो डायोड ५० हर्ट्झच्या कामाचा आहे, इथे स्विचिंग लाखो हर्ट्झपर्यंत जातं.

बक म्हणजे इनपुट एलईडीच्या एकूण व्होल्टेजपेक्षा जास्तच हवं हे लक्षात ठेवा. बारा व्होल्टवर सहा एलईडी सिरीज पेटवायचे असतील तर बूस्ट, म्हणजे व्होल्टेज वाढवणारा, लागेल. आणि सोल्डरिंगचा कंटाळा असेल, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील तर मीनवेलचं एलडीडी-७००एच घ्या, ९ ते ५६ व्होल्ट इनपुट, ७०० मिलिअँप, पाय सोल्डर करा आणि विसरा.

बाईकला लावताना काही वेगळं?

हो, आणि हे कोणी सांगत नाही. पीटी ४११५ सारख्या ड्रायव्हरमध्ये एलईडीची निगेटिव्ह म्हणजे ग्राउंड नसते, ती इंडक्टरमधून आयसीकडे जाते. आपल्या सवयीने आपण लाईटची निगेटिव्ह चासीला टेकवतो, किंवा लाईटची बॉडीच आतून निगेटिव्हला जोडलेली असते. तसं झालं की एलईडीवर सेन्स रेझिस्टर सोडला तर थेट बॅटरीच, पेटला आणि गेला. एलईडीच्या दोन्ही वायरी ड्रायव्हरपासून वेगळ्या न्या, बॉडीला मीटरने शॉर्ट आहे का बघा, मगच फ्यूज लावून चालू करा.

दोन स्क्रूवालं सीसी-सीव्ही मॉड्यूल आहे, सेट कसं करायचं?

म्हणजे करंट आणि व्होल्टेज दोन्हीची मर्यादा लावता येणारं, एक्सएल ४०१५ वालं बहुतेक. आधी काही न जोडता व्होल्टेजचा स्क्रू फिरवून एलईडीच्या एकूण व्होल्टेजपेक्षा दीड-दोन व्होल्ट वर ठेवा. मग करंटचा स्क्रू पूर्ण कमीकडे आणा, मल्टिमीटर १० अँपियरच्या सॉकेटवर लावून आऊटपुट त्याच्यातूनच शॉर्ट करा आणि हळूहळू ३५० पर्यंत चढवा. शॉर्ट करायला भीती वाटते पण करंट लिमिट आहे, काही होत नाही. झालं की लाल प्रोब परत व्होल्टच्या सॉकेटला घाला, नाहीतर पुढच्या वेळी बॅटरीचं व्होल्टेज मोजायला जाल आणि मीटर उडवाल.

ड्रायव्हर चालू असताना एलईडी जोडला तर चालतं का?

नाही. मोकळ्या ड्रायव्हरचं आऊटपुट वर चढून बसतं, ४० व्होल्टचा असेल तर ४० च्याही पुढे, आणि ते सगळं त्याच्या कॅपॅसिटरमध्ये भरलेलं असतं. एलईडी टेकवला की एका क्षणात रिकामं. आधी एलईडी, मग सप्लाय.

कॉन्स्टंट करंट आहे म्हणजे हीटसिंक नको ना आता?

अहो हवाच. ड्रायव्हर करंट आवरतो, उष्णता नाही. ७०० मिलिअँपवर तीन वॅटचा एलईडी अडीचेक वॅट घेतो आणि त्यातला मोठा हिस्सा, दोन तृतीयांशाच्या आसपास, मागच्या बाजूने उष्णता म्हणून निघतो. गोल स्टार प्लेट म्हणजे हीटसिंक नव्हे, ती फक्त उष्णता पसरवते. मी स्लायडिंग खिडकीच्या कामातून उरलेलं अ‍ॅल्युमिनियम सेक्शन वापरतो, फॅब्रिकेशनवाल्याकडे भंगाराच्या भावात मिळतं, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर (पोळीला तूप लावतो तेवढा, श्रीखंड नाही) आणि दोन स्क्रू. अर्धा तास चालवून सेक्शनला बोट लावा, पाच सेकंद ठेवता येत नसेल तर साठ डिग्रीच्या वर आहे असं समजा आणि सेक्शन मोठं करा. हे बोटाचं काम फक्त बॅटरीवरच्या सर्किटला, मेन्सवाल्याला (घरच्या २३० व्होल्टवरच्या) नाही.

घरातला ९ वॅटचा बल्ब गेला, एक एलईडी काळा दिसतोय, तो शॉर्ट केला तर चालतो. बरोबर आहे का हे?

२०१५ च्या उजाला योजनेपासून घरोघर एलईडी बल्ब आले, त्यामुळे आता गावोगावी हा धंदाच झालाय. बल्बमध्ये सगळे एलईडी सिरीज असतात म्हणून एक तुटला की सगळा अंधार. काळा ठिपका आलेला तो गेलेला. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर बाकीचे पेटले नाहीत म्हणून घाबरू नका, या एलईडीत आत तीन-तीन किंवा जास्त जंक्शन असतात, ९ व्होल्ट किंवा त्याच्या पुढे लागतात, मीटर तेवढं देतच नाही.

शॉर्ट करून चालेल का ते आतल्या ड्रायव्हरवर आहे. वेगळी सर्किट प्लेट, त्याच्यावर छोटा इंडक्टर किंवा ट्रान्सफॉर्मर असेल तर तो स्विचिंगवाला, एक एलईडी कमी झाला तरी करंट तोच राहतो, उरलेल्यांवर ताण येत नाही. पण हल्लीचे बरेचसे डीओबी असतात, म्हणजे एलईडीच्याच प्लेटवर एक-दोन बारक्या आयसी आणि बाकी काही नाही. ते लीनिअर, म्हणजे जादाचं व्होल्टेज उष्णता करून घालवणारे. तिथे गेलेल्या एलईडीचं व्होल्टेज आयसीला झेलावं लागतं, आयसी तापते, मग स्वतःच करंट कमी करते किंवा महिन्याभरात जाते. एक शॉर्ट केला तर ठीक, दोन केले तर बल्ब बाथरूमला लावा जिथे पाच मिनिटांच्या वर चालणार नाही.

आणि हे प्लीज वाचा, या प्लेटा मेन्सपासून आयसोलेटेड नसतात. टोपी काढलेला बल्ब होल्डरला लावून हाताने चाचपू नका. सिरीज टेस्टिंग बोर्डवर, १०० वॅटचा पिवळा बल्ब मध्ये ठेवून चेक करा, काही शॉर्ट असेल तर पिवळा पेटेल आणि फटाका वाजणार नाही. काढल्यावरही कॅपॅसिटर डिस्चार्ज करूनच हात.

आमच्याकडे संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की काही बल्ब मंद होतात, काही तसेच राहतात. असं का?

तेच कारण, आतला ड्रायव्हर कुठला ते. २३० चं पीक (लाटेचा माथा) ३२५ असतं, आणि डीओबीची एलईडीची माळ दोनशेच्या वर व्होल्ट मागते. व्होल्टेज १७० वर आलं की पीक २४० होतं, माळेला कसंबसं पुरतं, म्हणून मंद. स्विचिंगवाल्यावर बऱ्याचदा १०० ते ३०० व्होल्ट असं छापलेलं असतं, तो इनपुट पडलं की लाईनमधून जास्त करंट ओढतो आणि एलईडीला देतो तेवढंच देतो. व्होल्टेजची बोंब असलेल्या गावात खोकं वाचूनच बल्ब घ्या.

डिमिंग?

पीटी ४११५ ला डिम पिन आहे, मोकळी सोडली तर फुल, ०.५ ते २.५ व्होल्ट दिले तर त्या प्रमाणात कमीजास्त, किंवा आर्डुइनो बोर्डाची पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणं) थेट. मला पीडब्ल्यूएम आवडतं कारण रंग बदलत नाही, फक्त मोबाईलच्या कॅमेऱ्यात पट्टे येऊ शकतात. एलडीडी वापरत असाल तर १०० ते १००० हर्ट्झमध्येच ठेवा. पंख्याचा रेग्युलेटर साध्या एलईडी बल्बला लावू नका, फडफडतो आणि मरतो.

बल्ब बंद केला तरी रात्री बारीक पेटलेला दिसतो, भूत आहे का?

स्विचमधला इंडिकेटर किंवा फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेला स्विच. वायरमनला बोलवा, मांत्रिकाला नको.

१२ व्होल्टच्या एलईडी स्ट्रिपला पण हा ड्रायव्हर लागेल का?

नाही, त्या पट्टीत दर तीन एलईडीला रेझिस्टर आधीच आहे. तिला साधा १२ व्होल्ट एसएमपीएस, म्हणजे अडॅप्टरसारखा व्होल्टेज धरणारा सप्लाय.

तीन वॅटचा एलईडी ३५० मिलिअँपवरच चालवला तर खराब होतो का?

उलट जास्त टिकतो. करंट दुप्पट केला म्हणून उजेड दुप्पट होत नाही, वर जाल तशी एफिशियन्सी पडते. मी तर चार तीन वॅटवाले ३५० वर चालवतो, दोन ७०० वर चालवण्यापेक्षा उजेड जास्त आणि हीटसिंक कोमट.

ड्रायव्हर घरात आणि एलईडी गच्चीवर, मध्ये २० मीटर वायर. उजेड कमी होईल?

नाही होणार. ०.७५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर धरा, जाऊन-येऊन ४० मीटर, साधारण ०.९ ओहम. ३५० मिलिअँपला तिच्यात ०.३ व्होल्टच पडतात आणि ड्रायव्हर तेवढं व्होल्टेज स्वतःच वाढवून देतो. फक्त रेंजच्या अगदी टोकावर असाल, म्हणजे १२ च्या ड्रायव्हरवर बरोबर १२ लावले असतील, तर एक एलईडी कमी करा. आणि गच्चीवरच्या जॉइंटला नुसती टेप गुंडाळू नका, पहिल्या पावसात पाणी आत जातं, हीट श्रिंक ट्यूब चढवा.